लहान पोरांना ग्रुप राईडला डोंगरात नेताय? जोतिबाच्या आधीचे टप्पे बघा

थंडी पडली की कोल्हापुरातल्या सायकल ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो, "रविवारी पहाटे जोतिबा, पोरांनापण घेऊन या, मज्जा येईल." मग केर्लीच्या पुढं चढ लागला की आठ-नऊ वर्षांचं पोरगं सायकल ढकलायला लागतं, ग्रुपमधली मोठी माणसं वर पोचून फोटो काढत असतात, बाप खाली "चल की, एवढं काय त्यात" म्हणत असतो आणि पुढच्या आठवड्यात ती सायकल जिन्याखाली जाते ती जातेच. यात पोराचा काही दोष नसतो, आपण क्रम उलटा लावलेला असतो. तालमीत नवीन पोरगं आलं की पहिल्याच दिवशी त्याची जोड लावत नाहीत, आधी माती अंगाला लागू देतात, तसंच हे आहे.

खाली लिहिलंय ते साधारण ६ ते १२ वयाच्या पोरांसाठी. गल्लीतली चार-पाच घरं, तालीम मंडळ, अपार्टमेंट, शाळेतल्या पालकांचा ग्रुप, कुणीही मिळून करू शकतं. एकच अट, साईडची चाकं काढलेली पाहिजेत आणि पोराला स्वतःचं स्वतः सायकलवर बसून निघता आणि थांबता आलं पाहिजे. ते येत नसेल तर पायडल काढून ठेवा, सीट खाली करा आणि पायानं ढकलत बॅलन्स शिकू दे. घाई करून काही मिळत नाही.

## १. सायकल पोराच्या मापाची आहे का ते आधी बघा

सगळ्यात जास्त घोटाळा इथंच होतो. "दोन वर्षं चालली पाहिजे" म्हणून एक साईज मोठी घ्यायची. शाळेचा युनिफॉर्म मोठा घेतला तर बाही दुमडता येते, सायकलची दांडी दुमडता येत नाही.

चाकाचा अंदाज वयावर नाही, उंचीवर काढा. साधारण ११५ ते १३० सेंटीमीटरला २० इंची, १३० ते १४५ ला २४ इंची आणि त्याच्यावर २६ इंची. पण कंपनीगणिक फ्रेम बदलते, त्यामुळं दुकानात पोराला घेऊनच जा, आणि दुकानदार म्हणाला "सीट खाली करून देतो" तर सीटकडं नाही, दांडीकडं बघा.

तपासायचं असं:

- पोरगं सायकलच्या दोन्ही बाजूला पाय टाकून, तळवे सपाट टेकून उभं राहिलं की दांडी आणि पोराच्या मध्ये चार बोटं तरी जागा पाहिजे. कच्च्या रस्त्यावर एकदम खाली उतरायची वेळ येते तेव्हा ही चार बोटंच वाचवतात.
- सीटवर बसल्यावर दोन्ही पायांचे चवडे जमिनीला लागले पाहिजेत. पायडल मारायला ही सीट थोडी खालीच होते, पण सुरुवातीला पोराला "पाय टेकतोय" हा धीर महत्त्वाचा. हात बसला की महिन्याभरात बोटभर बोटभर वर घ्या.
- हँडल धरल्या धरल्या बोट ब्रेकच्या लिव्हरवर पोचलं पाहिजे. याच्याकडं कुणीच बघत नाही.

ब्रेकचं जरा सविस्तर सांगतो. कधी जवळ बसून पोराचा हात बघा, ब्रेक मारायला सांगितलं की ते अख्खा पंजा मुठीवरनं उचलून पुढं नेतं, चार बोटांनी लिव्हर ओढतं आणि त्या वेळात हँडल फक्त अंगठ्यावर असतं. सपाट रस्त्यावर हे खपून जातं, मुरमाच्या उतारावर हँडल हिसकलं की गेलं. बहुतेक लिव्हरच्या आत, मुठीच्या बाजूला एक बारका स्क्रू असतो, तो आत फिरवला की लिव्हर मुठीजवळ येते. मिस्त्रीकडनं दोन मिनिटात करून घ्या, आणि लिव्हर जड लागत असेल तर ब्रेकची वायर आणि आऊटर (वायरवरचं आवरण) बदला, खर्च किरकोळ आहे. दोन बोटांत ब्रेक लागला पाहिजे, तो पण पोराच्या दोन बोटांत, तुमच्या नाही.

वजनाचं पण बघा. पुढं-मागं शॉकअप असलेली झगमगीत सायकल पोरांना आवडते, पण स्वस्तातली डबल शॉकअपवाली उचलून बघा, १५ किलोच्या पुढं जाते. २५ किलोच्या पोरानं ती चढावर ढकलायची म्हणजे अंगातली निम्मी ताकद तिथंच गेली, आणि तो मागचा शॉकअप पायडलचा जोर खातो ते वेगळंच. पुढं बिनशॉकअपचा साधा चिमटा, जाड टायर, मागं ६-७ गिअर, बास झालं. पुढच्या तीन गिअरचा पोरांच्या डोक्याला नुसता ताप होतो. डिस्क ब्रेकचा पण हट्ट नको, नीट लावलेला व्ही-ब्रेक (रिमला रबर घासून थांबवणारा) स्वस्तातल्या डिस्कपेक्षा बरा.

स्टँड, कॅरिअर, पुढची बास्केट, जे जे खडखडतंय ते काढून ठेवा, घंटा तेवढी राहू दे. स्टँड खड्ड्यात खाली पडून दगडाला अडकतो.

थांबा, बघा: भावाची मोठी सायकल "तात्पुरती" वापरायची असेल तर पोराला मैदानातच ठेवा, ग्रुपबरोबर कच्च्या रस्त्यावर नेऊ नका.

## २. डोक्यावर, हातात, पायात

हेल्मेट कपाळावर पाहिजे, टाळूवर नाही. भुवईच्या वर दोन बोटं, कानाखाली पट्ट्यांचा व्ही, हनुवटीखाली एक बोट जाईल एवढी सैल. पट्टा न लावता पोराला खाली वाकून मान हलवायला सांगा, हेल्मेट घसरून पडलं तर मागची चकती घट्ट करा. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट परत वापरायचं नाही, वरनं चांगलं दिसलं तरी. मोटारसायकलचं हेल्मेट पोराच्या डोक्यावर घालून आणणारे पण असतात, ते मानेला जड होतं आणि त्यात गरम किती होतं ते विचारूच नका.

पूर्ण बोटांचे हातमोजे घ्या. पडताना पहिला हात टेकतो आणि मुरूम तळहातात घुसला की पोरगं आठवडाभर पेन्सिल धरत नाही. पायात बंद शूज, लेस आत खोचलेली. चप्पल, सँडल, क्रॉक्स चालणार नाही. गुडघ्याला पॅड असले तर छान, नसले तर जाड ट्रॅक पँट, उजवा पायचा चेनच्या बाजूला रबर लावून. दसऱ्यानंतर माळावर कुसळं झालेली असतात, मोज्यात घुसली की पोरगं दर पन्नास मीटरला थांबून खाजवतं, त्यामुळं पँट मोज्यावरनं खाली पाहिजे.

## ३. तीन-चार रविवार फक्त मोकळ्या जागेत

ग्रुप इथूनच सुरू होतो, राईडच्या दिवशी नाही. शेंडा पार्कचा मोकळा माळ, मोरेवाडीला चित्रनगरीकडचा माळ, नाहीतर जवळच्या शाळेचं मैदान, शाळेला विचारून. रंकाळ्याच्या वॉकिंग ट्रॅकवर नको, सकाळी फिरायला आलेल्या आज्जी-आजोबांच्या मध्ये पोरं घुसली की दोन्हीकडनं बोलणी खावी लागतात. विद्यापीठाच्या आवारात न्यायचं असेल तर आधी गेटवर विचारा.

दर वेळी तासभर, त्याच्यापुढं पोरांचं लक्ष राहत नाही. हे याच क्रमानं शिकवा:

उभं राहून चालवणं. दोन्ही पायडल एका पातळीत, ढुंगण सीटवरनं उचललेलं, गुडघे आणि कोपरं किंचित वाकलेली. पोरं सीटवर घट्ट बसून खड्डा घेतात आणि दणका सरळ पाठीत बसतो. मैदानात चार विटा, एक जुनी बारदानाची गुंडाळी टाका आणि त्याच्यावरनं उभं राहून जायला लावा. जो बसून जाईल त्यानं परत पहिल्यापास्नं.

ब्रेक. आधी कुठली लिव्हर कुठल्या चाकाची हे पोराला स्वतःला शोधायला लावा. चाक उचलून फिरवायचं आणि लिव्हर दाबून बघायची. आपल्याकडच्या बहुतेक सायकलींना उजवा हात पुढच्या चाकाचा असतो, पण जोडताना उलटं केलेलं पण सापडतं, म्हणून प्रत्येक सायकल बघायची. मग चुन्याची एक रेघ मारा आणि रेघेवर पुढचं चाक थांबलं पाहिजे असा खेळ घ्या. दोन्ही ब्रेक, मागचा थोडा आधी, हळूहळू दाबत, अंग मागं नेत. पोरं इथं बूट घासून थांबतात, गल्लीत चप्पल घासून थांबायची सवय असते ना. ती सवय मोडल्याशिवाय उतार दाखवायचा नाही. आणि कडेला उभ्या असलेल्या आईबाबांनी "ब्रेक मार, ब्रेक मार" ओरडायचं बंद करायचं, पोरगं दचकतं आणि जी लिव्हर हाताला लागेल ती करकचून दाबतं, बहुतेक वेळा पुढची.

नजर. पोरं पुढच्या चाकाकडं बघत चालवतात, म्हणून दगड दिसेपर्यंत दगडावर गेलेली असतात. एक मोठं माणूस १५ मीटर पुढं उभं राहून बोटं दाखवतं, पोरानं चालवता चालवता किती बोटं ते ओरडून सांगायचं. या खेळाला पोरं कधी कंटाळत नाहीत.

गिअर. चढ लागायच्या आधी हलका करायचा, पायडल फिरत असताना, जोर न देता. चढावर अडकल्यावर कचाकच गिअर टाकला की चेन उतरते. चेन उतरली तर हात काळे करून स्वतः बसवायला शिकवा, नऊ-दहा वर्षांच्या पोराला येतं.

उतरणं आणि ढकलणं. हे कुणी शिकवत नाही. तिरक्या उतारावर सायकलवरनं नेहमी वरच्या बाजूला उतरायचं, खालच्या बाजूला पाय टाकला की पाय जमिनीला पोचत नाही आणि सायकल अंगावर येते. आणि ढकलण्यात कमीपणा नाही हे मोठ्यांनी स्वतः ढकलून दाखवायचं.

ओळीत चालणं. पुढच्या सायकलपासनं तीन सायकलींचं अंतर, थांबायच्या आधी "थांबतोय!" असं मोठ्यानं, आणि थांबलं की रस्त्याच्या मधोमध नाही, कडेला. पोरांना ओरडायला परवानगी मिळाली की हे सगळ्यात पटकन जमतं.

शेवटच्या रविवारी छोटा मुरमाचा उतार घ्या, घराच्या दारातल्या रॅम्पएवढा. मधे थांबून परत निघता आलं पाहिजे.

पुढं जायच्या आधी बघा: बूट न घासता रेघेवर थांबतंय का, उभं राहून विटा ओलांडतंय का, एका हातानं पाच-सहा सेकंद चालवतंय का. तीनपैकी एक जरी येत नसेल तर त्या पोराला अजून एक रविवार. बाकीची निघाली म्हणून त्याला ओढायचं नाही, वाईट वाटलं तरी.

## ४. रूट ठरवणं

पहिल्या राईडला ४ ते ६ किलोमीटर भरपूर झालं. मोठ्यांना हे हास्यास्पद वाटतं, "एवढ्यासाठी पहाटे उठायचं?" वगैरे. पण कच्च्या वाटेवर थांबत थांबत पोरांना याला दीड तास सहज लागतो.

रूट गोल पाहिजे, आणि मधनंच गाडीपर्यंत परत यायला एक तरी शॉर्टकट पाहिजे. माळावरचे मुरमाचे रस्ते, कळंबा तलावाच्या बाजूच्या वाटा, कात्यायनीच्या पायथ्याकडचा भाग, अशा ठिकाणी बघा. नदीकाठ, म्हणजे चिखली-आंबेवाडीकडच्या पाणंदी, दिसायला सपाट आणि सोप्या पण काळी माती आहे, जरा ओल असली की टायर आणि चिमट्याच्या मध्ये गच्च बसते आणि चाकच फिरत नाही. तिथं पूर्ण वाळल्याशिवाय जाऊ नका.

रूट आदल्या दोन-तीन दिवसांत, त्याच वेळेला, स्वतः सायकलवरनं बघून या. गाडीवरनं नाही. बघायचं काय तर कुठं चर खोदलाय, कुठं नवीन बांधकामाची खडी पडलीय, कुठं कुत्री बसतात, झाडाला किंवा टाकीला आग्या मोहोळ आहे का, मोबाईलला रेंज कुठं जाते. शेताच्या बांधावरनं वाट जात असेल तर मालकाला विचारा, विचारलं की "जावा की, त्यात काय" म्हणतात आणि पाणी पण देतात, न विचारता गेलं की मात्र पुढच्या वेळी काटेरी फांदी आडवी असते.

उसाच्या हंगामाचं लक्षात ठेवा. नोव्हेंबरपास्नं मार्चपर्यंत पहाटेच रस्त्यावर ट्रॅक्टर असतात, मागं दोन-दोन ट्रॉल्या, त्या डुलतात आणि ड्रायव्हरला मागच्या ट्रॉलीशेजारचं पोरगं दिसतच नाही. राईडमधला एक किलोमीटर जरी अशा रस्त्यावर असला तरी तो रूट बदला. नाहीच जमलं तर ट्रॅक्टर आला की सगळ्यांनी उतरून रस्त्याच्या खाली उभं राहायचं. आणि चालत्या ट्रॉलीतनं ऊस ओढायचा नाही हे आधीच दम देऊन सांगा. आपण सगळ्यांनी लहानपणी ओढलाय, पोरांच्या पण डोक्यात ते येतंच.

## ५. माणसं आणि कामं वाटून घ्या

बारापेक्षा जास्त पोरं एका राईडला नको. तीन-चार पोरांमागं एक मोठं माणूस. जास्त नावं आली तर दोन तुकड्या करा, वयावर नाही, कोण कसं चालवतं त्याच्यावर. सात वर्षांची एखादी पोरगी अकरा वर्षांच्या दादापेक्षा मस्त चालवत असते.

पुढं एक माणूस, त्याच्या पुढं कुणी जायचं नाही. हे काम ग्रुपमधल्या सगळ्यात फास्ट गड्याला देऊ नका, त्याला हळू जाताच येत नाही. शेपटीला एक माणूस, त्याच्या मागं कुणी राहायचं नाही, पंप, ट्यूब, पाना आणि औषधाची पिशवी त्याच्याकडं. मधली माणसं पोरांच्या बाजूनं. आणि शक्य असेल तर स्वतःच्या पोराबरोबर स्वतः राहू नका, अदलाबदल करा. आईबाप शेजारी असले की पाय दुखतो, पाणी पाहिजे, दादानं ढकललं, सगळं सुरू होतं, शेजारच्या काकांसमोर तेच पोरगं गुपचूप चढ चढतं.

मोठ्यांची राईड आणि पोरांची राईड एका दिवशी एकत्र करायची नाही. "आम्ही पुढं पन्हाळ्याला जाऊन येतो, तोवर पोरं खाली खेळतील" हे गणित कधीच बसत नाही.

प्रत्येक पोराचा एक कागद शेपटीवाल्याकडं असू दे: नाव, वय, रक्तगट, दमा-फिट-ॲलर्जी काही असेल तर, रोजचं औषध, पालकांचे दोन नंबर. दमा असलेल्या पोराचा औषधाचा पंप (इनहेलर) पोराच्या दप्तरात नाही, शेपटीवाल्याच्या खिशात.

ग्रुपवर मेसेज मोघम टाकू नका. असा टाका:

"रविवार, सकाळी ६:४५ ला शेंडा पार्क. ७ ला निघणार, थांबणार नाही. ५ किमी, सगळा कच्चा रस्ता, एक छोटा चढ. ९ पर्यंत परत. हेल्मेट आणि बूट नसेल तर राईड नाही, रडारड चालणार नाही 😀 पाणी अर्धा लिटर, केळ किंवा चिक्की. मैदानातले रविवार न केलेल्यांनी या वेळी फक्त बघायला या. नाव शनिवारी संध्याकाळी ७ पर्यंत."

"मैदानातले रविवार न केलेल्यांनी" ही ओळ टाकली की दोन-तीन पालक रुसतात. रुसू देत. आयत्या वेळी पाहुण्यांचं पोरगं आणि भाड्याची सायकल घेऊन येणारे हेच असतात.

## ६. निघायच्या आधीची पंधरा मिनिटं

आदल्या रात्री सायकल घरी बघून ठेवा, सकाळी मिस्त्री मिळत नाही. तरी जागेवर प्रत्येक सायकल मोठ्या माणसानं हातात घेऊन बघायची:

- हवा. टायरच्या कडेला कमीत कमी आणि जास्तीत जास्त पीएसआय (हवेचा दाब) छापलेला असतो, पोरांसाठी कमीत कमीच्या जवळ ठेवा. पंक्चरवाला सवयीनं टायर दगडासारखं टणक करून देतो, ते डांबरीवर ठीक, मुरमावर सायकल उड्या मारते आणि पकड राहत नाही. पण अगदीच मऊ केलं तर दगडावर ट्यूब चिमटते. अंगठ्यानं जोरात दाबल्यावर किंचित आत गेलं पाहिजे.
- ब्रेक. दोन्ही लिव्हर दाबून सायकल पुढं ढकला, चाक फिरायला नको. लिव्हर मुठीला टेकत असेल तर वायर ताणा.
- चेन. पायडल उलटं फिरवा. कुरकुर आवाज आला तर दोन थेंब तेल आणि फडक्यानं पुसून घ्या.
- चाकं आणि हँडल. चाक दोन्ही बाजूला हलवून बघा, नट ढिला असला की कळतो. पुढचं चाक गुडघ्यात धरून हँडल फिरवा, फिरायला नको.

मग पोरांची मोजणी, मोठ्यानं, नंबर देऊन. प्रत्येकाला स्वतःचा नंबर पाठ. पुढं प्रत्येक थांब्यावर हीच मोजणी.

## ७. राईड चालू

पहिली दहा मिनिटं अगदी हळू. पोरं सुरुवातीला सुसाट सुटतात आणि पहिल्या चढाला फुस्स होतात.

प्रत्येक फाट्यावर थांबायचं, शेपूट येईपर्यंत. शेपूट आली की लगेच निघायचं नाही, इथं सगळे चुकतात. पुढच्यांना पाच मिनिटं विश्रांती मिळालेली असते आणि सगळ्यात दमलेलं पोरगं पोचतं तेव्हा बाकीचे सायकलवर चढलेले असतात. शेवटचं पोरगं आलं, पाणी प्यालं, त्याचा श्वास बसला, मग मोजणी, मग निघायचं. आणि निघताना त्यालाच पुढच्या माणसाच्या मागं लावा. मागनं कुणीतरी "दादा, थांबा की वो!" ओरडतंय आणि पुढं ऐकू जात नाही, असं होऊ द्यायचं नाही.

चढ: बसून, हलक्या गिअरवर, थोडं पुढं वाकून. दम लागला की उतरून ढकला, हसायचं नाही. सायकल मागनं ढकलून देणं टाळा, पोराचा बॅलन्स जातो. ढकलायचंच तर दोघं उतरून.

उतार: वर थांबायचं. आधी पुढचा माणूस चालत खाली जाऊन उभा राहतो, मग एकेक पोरगं, आधीचं खाली पोचून बाजूला झालं की दुसरं. ज्याला नको वाटतंय त्यानं चालत. "घाबरतोस काय" हा शब्द इथं बंद.

पाणी दर वीस मिनिटांनी दोन घोट, मागायची वाट बघू नका. मधल्या थांब्यावर केळ, राजगिऱ्याची वडी, गूळ-शेंगदाणे. वडा-मिसळ राईड संपल्यावर, पोटात तेलकट घालून चढ चढवला की काय होतं ते वेगळं सांगायला नको. परत आल्यावर गंगावेशीत दूध कट्ट्यावर ग्लासभर दूध, याच्या आमिषानं पोरं शेवटचा किलोमीटर विनातक्रार मारतात.

कुत्रं आलं तर पायडल मारत पळायचं नाही. सगळ्यांनी उतरायचं, सायकल कुत्रं आणि आपल्या मध्ये ठेवायची, मोठी माणसं बाहेरच्या बाजूला, सावकाश चालत पुढं. मोहोळ उठलं तर हात झटकायचे नाहीत, आरडाओरडा नाही, सायकली टाकून तोंड झाकून लांब जायचं. गवतात लघवीला जाताना मोठं माणूस पुढं, आपल्याकडं साप आहेत हे विसरून चालत नाही.

## ८. पडलं तर

पडणारच. धावत जाऊन हाताला धरून उठवू नका, आधी विचारा कुठं लागलं, हात-पाय हलवायला सांगा, मग त्याचं त्याला उठू दे. मागची पोरं आधी थांबवा.

खरचटलं तर बाटलीतल्या स्वच्छ पाण्यानं भरपूर धुवा, मुरमाचे कण निघेपर्यंत, मग गॉज आणि पट्टी. हळद, चुना, माती काही लावू नका. मनगट सुजलं किंवा वाकडं दिसलं तर आहे त्या स्थितीत पुठ्ठ्यावर बांधा आणि एक्स-रे काढायला न्या, ओढून सरळ करणारे हौशी असतात त्यांना लांब ठेवा. डोकं आपटलं असेल तर हेल्मेटला काही झालं नाही म्हणून राईड पुढं चालू ठेवायची नाही. उलटी, गुंगी, बोलताना गोंधळ, डोकं दुखत वाढणं, यातलं काही दिसलं तर थेट हॉस्पिटल. साप चावल्याचा नुसता संशय असला तरी कापायचं नाही, करकचून बांधायचं नाही, पोराला चालवायचं नाही, उचलून गाडीत घालायचं आणि सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी हॉस्पिटलला, न्यायचं. १०८ आणि ११२ दोन्ही नंबर सगळ्या मोठ्यांच्या फोनमध्ये पाहिजेत, आणि एक चारचाकी सुरुवातीच्या जागेवर, किल्ली शेपटीवाल्याकडं.

पडलेल्या पोराची सायकल पण बघा, हँडल वाकडं झालंय का, ब्रेक लागतोय का, मगच परत बसवा.

## ९. पुढं कधी आणि किती वाढवायचं

एका वेळी एकच गोष्ट वाढवा. अंतर वाढवलं तर चढ तोच ठेवा, चढ वाढवला तर अंतर कमी करा. दर पंधरा दिवसांनी एक राईड पुरे, मधल्या रविवारी मैदान. पोरं सोमवारी शाळेत झोपत असतील तर तुम्ही जास्त केलंय.

मार्चनंतर आठच्या आत सायकली गाडीत पाहिजेत. जून ते सप्टेंबर कच्चा रस्ता विसरा, जांभ्यावर शेवाळ धरलेलं असतं आणि तिथं पोराचं काय, मोठ्याचं पण टायर टिकत नाही. त्या दिवसांत सायकल खोलून धुणं, चेन बसवणं, पंक्चर काढणं शिकवा. बाभळीचे काटे आपल्याकडं एवढे की हे काम आलंच पाहिजे.

जोतिबाचा डांबरी घाट दहा-अकरा वर्षांच्या पुढच्या पोरांना, ज्यांच्या कच्च्या रस्त्यावर १२-१५ किलोमीटरच्या राईड आरामात झाल्यात, त्यांनाच. रविवार नको, देवाचा वार असतो, गाड्या भरपूर. माघातल्या खेट्यांच्या (जोतिबाला पायी जायच्या) रविवारी आणि चैत्र यात्रेच्या दिवसांत तर त्या बाजूला सायकल घेऊन फिरकू पण नका, रस्ता चालणाऱ्यांचा असतो. शनिवारी सकाळी जा, चढताना सायकलवर, आणि उतरताना पहिल्या एक-दोन वेळा सायकली टेम्पोत घालून. घाट उतरताना सतत ब्रेक दाबून पोरांची बोटं आखडतात आणि खालच्या वळणावर नेमकी ताकद संपते. वाघबीळवरनं पन्हाळ्याचा घाट त्याच्या पण नंतर.

मसाई पठार सगळ्यांना खुणावतं, फोटो बघितलेले असतात. पण ते आता संवर्धन राखीव क्षेत्र आहे, आधी वनविभागाला विचारून, आहे त्या गाडीवाटेवरनंच, फुलांच्या दिवसांत अजिबात नको. वर सावली नाही, पाणी नाही, वारा सुटला की हलकं पोरगं सायकलसकट सरकतं आणि पठाराची कड कुठं संपते ते धुक्यात कळत नाही. डिसेंबर-जानेवारीत, ऊन चढल्यावर, प्रत्येक दोन पोरांमागं एक मोठं माणूस असेल तेव्हाच काढा, आणि कडेपासनं शंभर मीटर आत पुढच्या माणसानं सगळ्यांना सायकलवरनं उतरवायचं.